सर्पमित्राचे मित्र

निलंग्यात कुणाच्या घरात साप निघाला, की पहिला फोन सर्पमित्राला जात नाही. तो आप्पांना जातो. आप्पा साप धरत नाहीत. आजवर त्यांनी कुठल्याही सापाला बोट लावलेलं नाही आणि पुढंही लावणार नाहीत, हे ते स्वतःच अभिमानानं सांगतात. त्यांच्याकडं सर्पमित्राचा नंबर आहे, बस. पण एवढ्या भांडवलावर त्यांनी गावात जी इज्जत कमावलीय, ती निवडणुकीला उभं राहूनही भल्याभल्यांना कमावता आलेली नाही.

बरं, तो नंबर काही तिजोरीत ठेवलेला नाही. सर्पमित्र पोरानं तो आपल्या मोटारसायकलच्या मागं लाल अक्षरांत रंगवलाय, किराणा दुकानाच्या शटरवर त्याचं स्टिकर आहे, आणि वनविभागाचा १९२६ हा मदतीचा नंबर तर अख्ख्या महाराष्ट्राला खुला आहे. तरी लोक आप्पांनाच लावतात. याचं कारण साधं आहे. पोरगं फोन उचलतं, "पत्ता?" एवढंच विचारतं आणि ठेवून देतं. साप निघालेल्या माणसाला पत्ता सांगण्यात रस नसतो. त्याला साप सांगायचा असतो. तो कुठं दिसला, आधी कुणाला दिसला, तेव्हा हातात काय होतं, ते कुठं सांडलं, मागच्या खेपेला निघाला होता तो हाच की त्याचा भाऊ, आणि सासूबाई तर नेमक्या तिथंच बसल्या होत्या. आप्पा हे सगळं ऐकून घेतात. मधूनमधून "हाव, हाव" म्हणतात. शेवटी म्हणतात, "तुम्ही काय करू नका. मी लावतो की फोन. अन् मी येलालो."

आपल्याकडं काम करणाऱ्याला मान असतो, पण काम करणाऱ्याला ओळखणाऱ्याला जरा जास्तच असतो. लाईनमनला ओळखणारे, तलाठ्याच्या मेव्हण्याला ओळखणारे, लातूरच्या हाडाच्या डॉक्टरच्या कंपाउंडरला ओळखणारे प्रत्येक गल्लीत असतात. आप्पा त्याच घराण्यातले. फक्त त्यांचं खातं सरपटणारं आहे. औशाला बघा, उदगीरला बघा, जिथं सर्पमित्र आहे तिथं त्याच्या मागं चार पावलांवर असा एक आप्पा उभा असतोच. सर्पमित्र बदलतात, पोटापाण्यासाठी पुण्याला जातात. आप्पा कायम असतात.

आमचे आप्पा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. निम्मी नोकरी निलंगा-लातूर फेऱ्यांत गेली. जन्मभर लोकांना "पुढं सरका, पुढं सरका" म्हणालेला माणूस आता "मागं सरका" म्हणतो, एवढाच काय तो फरक. आवाज तोच. खाकी पँटही तीच, असा वहिम आहे. खांद्यावर दस्ती, हातात तीन सेलची स्टीलची बॅटरी, जी ते भर दुपारीही पेटवतात, आणि खिशात खडू. हा खडू महत्त्वाचा. घटनास्थळी पोचले की आप्पा सापाकडं बघत नाहीत. आधी जमिनीवर एक आडवी रेघ ओढतात. रेघेच्या अलीकडं जनता, पलीकडं साप, आणि रेघेवर आप्पा. ती रेघ ओलांडायची हिंमत मी अजून कुणात पाहिलेली नाही. सापाची भीती असते म्हणून नव्हे. आप्पा तिकीट मागतील, असं उगाच वाटतं.

सापांचा हंगाम मिरगापासून. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत आख्खा हात जावा. साप, उंदीर, बेडूक, विंचू सगळे त्या भेगांत मुक्कामाला. पहिला दणकून पाऊस झाला की भेगा पाण्यानं भरतात आणि भाडेकरू रस्त्यावर येतात. ते तिथून बांधावरच्या घरात, नव्या प्लॉटिंगमधल्या वाळूच्या ढिगात, मोरीत, बंबाच्या मागं. दुसरा जोर सोयाबीनच्या काढणीला. रानात बनीम लागली की खाली उंदीर येतात, उंदरांमागं धामण येते, आणि धामणीमागं गडी येतो काठी घेऊन. मग रानातनं फोन येतात. आप्पा मोटारसायकलवर मागं बसून जातात. गाडी चालवायला त्यांना येत नाही. कंडक्टरनं स्टिअरिंगला हात लावू नये, हा नियम त्यांनी निवृत्तीनंतरही पाळलाय.

गेल्या आखाडात आमच्या शेजारच्या वहिनींच्या बाथरूममध्ये साप निघाला. खिडकीच्या जाळीपाशी, वरच्या फरशीच्या कडेला, करंगळीपेक्षा थोडा जाड, हातभर लांब. तपकिरी अंग, त्यावर पिवळट पांढरे आडवे पट्टे. चपटं डोकं जाळीवर टेकवून तो इतका निवांत पडला होता की आमच्यातल्या कुणाहीपेक्षा त्याची प्रकृती चांगली वाटत होती. मधूनच जीभ बाहेर यायची, दोनदा हलायची आणि आत जायची. बाथरूमच्या दाराशी सोळा माणसं.

समोरचे गुरुजी सगळ्यांत आधी पोचलेले. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं वाचन दांडगं, आणि आप्पांचं गावात नाव झालंय ही त्यांच्या म्हातारपणातली एकमेव खंत.

"मण्यार आहे," गुरुजी म्हणाले. "अतिजहाल. पट्टे दिसत नाहीत का?"

"गुरुजी, पट्टे झेब्र्यालाबी असतेत," आप्पा खडू खिशात टाकत म्हणाले. "पट्टा कुठनं सुरू झालाय ते बगा की. मानंपासनं. मण्यारीचा डोकं सोडून लांब मागं सुरू हुतो, बारीक असतो अन् जोडीजोडीनं असतो. अन् मण्यार काळी कुळकुळीत. ह्यो तपकिरी. ह्यो कवड्या हाय. पाली खायाला आलाय. वैनी, तुमच्यात पाली लई हायत का?"

"आमच्यात पाली न्हाईत," वहिनी ताठ होऊन म्हणाल्या. साप निघणं हा दैवाचा भाग. पाली असणं म्हणजे घराच्या झाडलोटीवर बोट. तेवढ्यात ट्यूबलाइटच्या मागं पाल चुकचुकली. सोळा माणसांत एकही हसलं नाही. आप्पांनी नजरेनंच दम भरला होता.

मग पोरगं आलं. दिवसा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारं, विशीतलं, बारीक अंगाचं. एका हातात लोखंडी हुक, दुसऱ्या हातात झाकणाला भोकं पाडलेली प्लॅस्टिकची बरणी. कुणाशी बोललं नाही. वर बघितलं, बादली पालथी घालून तिच्यावर चढलं, हुकानं कवड्याचं मधलं अंग हलकेच उचललं. सापानं दोनदा तोंड मारल्यासारखं केलं, हुकालाच वेढा घातला, आणि पोरानं बरणीचं तोंड पुढं धरलं तसा शहाण्यासारखा आत गेला. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. झाकण फिरवता फिरवता पोरगं म्हणालं, "कवड्याय. बिनविषारी." बिनविषारी होता तर हात का नाही घातला, असं कुणीतरी विचारलं. "ओळख पटेपर्यंत सगळे विषारीच धरायचे," एवढं त्या दिवशीचं त्याचं दुसरं आणि शेवटचं वाक्य.

आप्पांनी गुरुजींकडं बघितलं नाही. उरलेल्या चौदा जणांकडं मात्र एकेक करून बघितलं. मग पोरानं गाडीला किक मारली आणि आप्पांनी हात वर करून गल्लीभर ऐकू जाईल असं म्हटलं, "चला, डबल!" गाडी हलली. आप्पांची डबल मिळाल्याशिवाय साप गल्लीबाहेर जात नाही.

आता कुणी म्हणेल, यात आप्पांनी केलं काय? मलाही पूर्वी तसंच वाटायचं. उत्तर मिळालं ते मागच्या वर्षी, आप्पा आपल्या मुलाकडं पुण्याला महिनाभर गेले तेव्हा. त्या महिन्यात आमच्या भागात जेवढे साप निघाले, तेवढे मेले, सर्पमित्र पोचायच्या आधीच. एक धामण तर गॅलरीतनं आरडाओरडा करणाऱ्यांच्या सांगण्यावरून तिघांनी मिळून मारली आणि मारल्यावर विचारलं, ही कुठली होती? पोरगं म्हणालं, "मला यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. साप तेवढ्यातच मरतो. आप्पा असले की लोकांचं लक्ष आप्पांकडं राहतं."

इथंच या माणसाची सगळी मेख आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा साप मारू नका म्हणतो, पण कायदा बाथरूमच्या दाराशी उभा राहत नाही. तिथं सोळा माणसं असतात, त्यातल्या तिघांच्या हातात काठी, एकाच्या हातात कुऱ्हाड आणि एका हौशी माणसाच्या हातात रॉकेल. त्यांना वीस मिनिटं नुसतं उभं करून ठेवायचं, हे साप धरण्यापेक्षा अवघड काम आहे. आप्पा ते बोलून करतात. व्याख्यान ठरलेलं आहे. आपल्याकडं भ्यायचे साप चारच: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. बाकीचे सगळे उंदरांच्या मागावर हिंडणारे गरीब प्रवासी. साप डूख धरत नाही, त्याच्या डोळ्यांत आपला फोटो निघत नाही, आणि साप जोडीनं हिंडत नाही. एक धरला की दुसरा बदला घ्यायला येतो हे सिनेमावाल्यांनी सांगितलेलं. घरमालकाचं ऐकायचं नाही, तो भ्यालेला असतो, कायबी सांगतो. आणि साप चावलाच तर तडक सरकारी दवाखाना. मांत्रिक नाही, ब्लेड नाही, चोखणं नाही.

"मारुतीच्या देवळात न्यायचं का, आप्पा?" कुणीतरी दरवेळी विचारतंच. आमच्याकडं ती चाल जुनी आहे.

"न्यायचं की. बरं झाल्यावर न्यायचं, नारळ फोडायला."

मग लशीची माहिती. मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे, ते लोक घोड्याच्या अंगात थोडंथोडं विष सोडतात, घोडा ते पचवतो, मग त्याच्या रक्तातनं औषध काढतात, आणि तेच एक औषध या चारही सापांवर चालतं. यावर एकदा एका म्हातारीनं शंका काढली होती की ते औषध घेतलं तर माणूस पुढं घोड्यासारखा वागतो का. आप्पा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आज्जी, वागला असता तर सगळ्या गावाला टोचून घेतलं असतं. कामाला तरी लागले असते."

विंचवाचा विषय निघाला की आप्पांची मान आणखी ताठ होते. विंचवाच्या डंखावर रक्तदाबाच्या गोळीचा उपाय वापरून ज्यांनी कोकणातली शेकडो माणसं वाचवली, ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. "आपल्या मराठवाड्याचा माणूस," आप्पा सांगतात, आणि ज्या सुरात सांगतात त्यावरून ऐकणाऱ्याचा समज होतो की डॉक्टरांना महाडच्या गाडीत आप्पांनीच बसवून दिलं असावं.

पुण्याच्या त्या महिन्याबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. घर सोसायटीत, अकराव्या मजल्यावर. तिथं जनावर म्हणजे कबुतर, आणि कबुतरासाठी जाळी. आप्पा गॅलरीत उभं राहून जाळीपलीकडच्या कबुतरांना "मागं सरका" म्हणून बघायचे. शेवटी मुलानं कात्रजचं सर्पोद्यान दाखवायला नेलं. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढले, ही गोष्ट आप्पांना पाठ आहे; ते सर्पोद्यान उभं करणारा माणूसही तोच. आप्पा तिथं दिवसभर होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी एका सहलीला पूर्ण माहिती दिली होती आणि शाळेच्या बाईंनी त्यांना चहा पाजला होता. मुलाला हे सगळं जरा अवघड गेलं म्हणे. येताना आप्पा त्याला म्हणाले, "इथं समदं काचंत हाय. रेघ वढायची सोयच न्हाई."

सापांवर हुकूमत बसली की बाकीची खाती आपोआप चालून येतात. घोरपड निघाली तर आप्पा. घोरपडीला विष नसतं हे सांगायला त्यांना अर्धं मिनिट लागतं, त्यानंतर ते कोंढाण्यावर चढतात आणि पाऊण तास खाली उतरत नाहीत. वानरांची टोळी आली तर आप्पा. ही काळतोंडी मंडळी फाल्गुन-चैत्रात रानातलं सगळं संपलं की गावात येतात. पत्र्यांवरनं धावतात, शेवग्याचा पाला ओरबाडतात, डिशची छत्री नेमकी क्रिकेट चालू असताना फिरवतात. वानर हे हनुमंताचं रूप असल्यानं त्यांना दगड मारता येत नाही, आणि सोलरची नळी फुटल्यावर नुसतं नमस्कार करूनही राहवत नाही. अशा धर्मसंकटात माणसं आप्पांकडं येतात. आप्पांकडं वानरांवर उपाय नाही. पण ते येतात, वर बघतात, "सतरा हायत," म्हणतात, आणि मोजले गेले म्हणजे बंदोबस्त झाला असं लोकांना वाटतं. कंडक्टरची सवय, डोकी मोजल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

मांजराच्या बाबतीत त्यांचा वकूब कमी पडतो, हे मान्य करायला हवं. मांजर पिल्लं घेऊन सात घरं फिरतं म्हणतात. आमच्या गल्लीतली मांजरी तिसऱ्या घरीच थांबते, कारण तिसरं घर आप्पांचं. ती बाळंत होते ती आप्पांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, रजयांच्या गठ्ठ्यावर. नागासमोर छाती काढणारे आप्पा या बाईसमोर काही बोलत नाहीत. "हिला रेघ कळत न्हाई," एवढंच म्हणतात.

टिटवीवरचं त्यांचं भाकीत मात्र ऐकण्यासारखं. मोकळ्या प्लॉटवर टिटवीनं खड्यांत अंडी घातली की आप्पा जाऊन मोजतात. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, असा आपला जुना होरा. दरवर्षी चार निघतात आणि दरवर्षी आप्पा पेढे नसले तरी बत्तासे वाटण्याचा विचार बोलून दाखवतात. गुरुजींनी एकदा पुस्तक आणून दाखवलं की टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, तो तिचा स्वभाव. "२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच्या आधीही टिटवीनं चारच घातली असणार," गुरुजी म्हणाले. आप्पा निरुत्तर होतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "घातली असतील. तिनं तिचं काम केलं. पावसानं केलं न्हाई, त्यात टिटवीचा काय दोष?"

कुत्र्यांचं खातं सध्या गुंतागुंतीचं झालंय. गल्लीतली कुत्री आप्पांची जुनी माणसं. पण प्लॉटिंगच्या पैशानं आमच्याकडं लॅब्राडोर आलेत, त्यांच्या मागून रॉटविलर. या कुत्र्यांशी लोक हिंदीत बोलतात. घरात बायकोशी, पोरांशी, गड्याशी "काय करलालाव" चालतं, आणि साखळी हातात आली की "टायगर, इधर आ, बैठ." टायगर मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत जीभ काढून कूलरपुढं पडलेला असतो. त्याला हिंदीही ऐकू येत नाही. आप्पांचं म्हणणं, या भागात कुत्रं पाळायचं तर कारवानी पाळावं; शिडशिडीत, ऊन सोसणारं, रानात ससा उठला की क्षणात गायब. पण कारवानी पाळलं तर गाडीतनं फिरवायला कशाला लागतंय, आणि गाडीतनं फिरवायचं नाही तर कुत्रं घेतलंच कशाला, हाही प्रश्न आहेच.

जनावरांना आधी कळतं, असं म्हणणाऱ्यांत मात्र आप्पा नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री कुत्री रडत होती असं सांगणारं माणूस आमच्या तालुक्यात घरटी एक सापडतं. आप्पा म्हणतात, ती विसर्जनाची रात्र होती, गावोगाव वाजंत्री चालू होती, कुत्री ओरडणारच. त्याहून पुढं ते काही बोलत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही.

नागपंचमी हा त्यांचा वर्षातला सर्वांत कसोटीचा दिवस. आठ दिवस आधीपासून ते सांगत फिरतात की साप दूध पीत नाही, त्याला ते पचत नाही, जबरदस्तीनं पाजलं तर मरतो. वारुळावर दूध ओतू नका, आत उंदीरही राहत असेल, त्याला सर्दी होईल. लोक ऐकतात, माना डोलावतात. आणि पंचमीच्या सकाळी काकू पाटावर मातीचा नाग मांडतात, हळदकुंकू वाहतात, लाह्या ठेवतात आणि वाटीभर दूध. आप्पा ताम्हन धरून शेजारी उभे.

"साप दूध पीत न्हाई म्हणून गावभर सांगताव ना?" काकू एकदा म्हणाल्या. "ह्यो मातीचा हाय. ह्याला पचतंय."

त्या दिवशी घरात चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची. आप्पा चार दिंडं खातात आणि विज्ञानाचा विषय दुसऱ्या दिवसावर ढकलतात.

सापाच्या लांबीबद्दल आप्पांवर एक आरोप नेहमी होतो, तो खरा आहे. धामण निलंग्यात चार फुटांची असते. आप्पा लातूरच्या गाडीत बसले की लामजन्याला ती पाच होते, औशाला सात, आणि लातूरच्या स्टँडवर उतरताना नऊ. भाडं अंतरानुसार वाढतं, तशी धामणही. पण येताना ती परत कमी होते का, असं गुरुजींनी विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "रिटर्न वेगळं काढावं लागतंय."

एका दैनिकाच्या तालुका पानावर मागं एक फोटो आला होता. 'सर्पमित्राने दिले नागाला जीवदान' असं शीर्षक, मधोमध हुकावर फणा काढलेला नाग, शेजारी पोरगं. डाव्या कोपऱ्यातनं एक हात आत आलेला, हातात बॅटरी, मनगटावर जुनं घड्याळ. बाकीचे आप्पा चौकटीबाहेर. ते कात्रण त्यांनी लॅमिनेट करून घेतलंय. सरकार सर्पमित्रांना ओळखपत्र आणि विमा देणार, ही बातमी वाचल्यापासून ते जरा विचारात आहेत. 'सर्पमित्राचा मित्र' असा रकाना अर्जात नसेल, तर तो घालायला सांगायचं कुणाला? तलाठ्याच्या मेव्हण्याला ओळखणाऱ्या गृहस्थांशी त्यांचं बोलणं चालू आहे.

आणि परवा साप आप्पांच्याच घरी निघाला. मागच्या अंगणात, जळणासाठी रचलेल्या तुराट्यांच्या ढिगात. काकूंनी शेपूट बघितलं आणि हाक मारली. आप्पा अंघोळीला बसले होते, डोक्याला साबण. ते टॉवेल गुंडाळून बाहेर येईपर्यंत चार घरचे लोक जमले होते, कुणीतरी पोराला फोन केला होता, आणि गुरुजी बॅटरी म्हणून मोबाइल पेटवून पुढं उभे होते. फरशीवर खडूची रेघ ओढलेली. खडू हे मूळचं गुरुजींचंच हत्यार. खोटं कशाला बोला, त्यांची रेघ जास्त सरळ होती.

आप्पा पुढं आले. गुरुजींनी हात आडवा केला.

"तुम्ही घरमालक ना? मागं सरका."

"गुरुजी, ही माझी जागा—"

"घरमालकाचं ऐकायचं नाही. तो भ्यालेला असतो, काहीही सांगतो. तुमचंच वाक्य आहे." आणि मग लोकांकडं वळून, "भ्यायचे साप चारच. नाग, मण्यार..."

आप्पा साबणाच्या डोक्यानं, टॉवेलवर, आपल्याच दारात जनतेत उभे राहिले. शेजारच्या पोरानं विचारलं, "आप्पा, किती मोठा हाय?" त्यांनी उत्तर दिलं नाही. बघितलाच नव्हता.

सर्पमित्र आला. तुराटीची एकेक पेंडी बाजूला काढली. तळाशी पिवळसर तपकिरी वेटोळं हललं, वीज गेल्यागत सरकलं, आणि पोरानं शेपटीला धरून हुकावर तोलून पिशवीत घेतलं. "धामण," तो म्हणाला. गुरुजी म्हणाले, "मी म्हणालोच होतो." ते तसं म्हणाले नव्हते. पिशवीला गाठ पडली, गाडी चालू झाली, आणि गुरुजींनी हात वर केला.

"चला, डब—"

"थांबा!" आप्पा ओरडले. "जोडी असंल."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. सर्पमित्रही.

"आप्पा," गुरुजी सावकाश म्हणाले, "साप जोडीनं हिंडत नाही. सिनेमावाल्यांनी सांगितलेलं असतं ते. तुम्हीच सांगताव."

"एरवी न्हाई हिंडत," आप्पा म्हणाले. "पर तुराट्या माझ्या हायत. मला म्हाईत हाय."

पोरानं गाडी बंद केली. पिशवी हँडलला अडकवली आणि हुक घेऊन परत ढिगाकडं निघालं. काकूंनी आतनं तीन सेलची बॅटरी आणून दिली. आप्पांनी ओल्या पायानं गुरुजींची रेघ पुसली, दोन फूट मागं नवी ओढली, आणि बॅटरी पेटवली. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

"मागं सरका," ते म्हणाले. "गुरुजी, तुम्हीबी."